चिंधी कोणाची

माझ्या मोठ्या भावाला गाव वेडा म्हणायचं, आणि पेरणीआधी बियाणं मात्र त्याच्याकडूनच तपासून घ्यायचं. यात गावाला काही विचित्र वाटत नसे, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नाही. रिसोडहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव आहे. सोयाबीन, तूर, अलीकडे हळद. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं असेल तर ते उगवेल की नाही हे मे महिन्यातच बघावं लागतं. शंभर दाणे घ्यायचे, ओल्या बारदान्यावर, म्हणजे गोणपाटावर, दहा-दहाच्या दहा ओळींत मांडायचे, वर दुसरा ओला बारदाना टाकायचा, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. सातव्या दिवशी उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तरच्या वर आले तर बिनधास्त पेरा, थोडे कमी आले तर बियाणं वाढवा, फारच कमी आले तर दुसरीकडून आणा. काम सोपं आहे, पण चिकाटीचं आहे, आणि तेवढी चिकाटी गावात फक्त दादाकडे होती.

दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. अकोल्याला कॉलेजात शिकत असताना एका दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. त्याला आवाज ऐकू यायचे. पहिली दोन-तीन वर्षं फार वाईट गेली. अंगारे-धुपारे झाले, विहिरीवर जाळी बसवली, आईचं जेवणावरून मन उडालं. मग अकोल्याच्या एका डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. आवाज गेले नाहीत, पण माणसाळले. दादा त्यांना ‘मंडळी’ म्हणतो. “आज मंडळी गप हाये,” असं तो म्हणाला की घरातले सगळे सैलावायचे. लग्न झालं नाही, नोकरी झाली नाही. धाकट्या भावाच्या संसारात, ओसरीच्या एका कोपऱ्यात त्याचं आयुष्य गेलं.

पण मे महिना त्याचा असायचा. गावातली तीसेक घरं मूठ-मूठ दाणे आणून द्यायची आणि सोबत आपल्या घरातल्या जुन्या कपड्याची एक चिंधी. गुंडाळी त्याच चिंधीने बांधायची. लिहून ठेवायची पद्धतच नव्हती. कडुनिंबाखाली तीस गुंडाळ्या ओळीने पडलेल्या असत आणि दादा नुसत्या चिंधीवरून सांगे, हे सरपंचाच्या आईचं लुगडं, ही पोस्टमनच्या पायजम्याची नाडी, ही हिरवी लुंगी शेजारच्या चाचांची. चाचा म्हणजे दादाचे शाळेतले सोबती. त्यांचं गावात किराणा दुकान आहे आणि चार एकर शेत. एकच हिरवी लुंगी ते वर्षानुवर्षं फाडून आणत होते. कोंब किती आले तेही दादा तोंडीच सांगायचा, आणि त्या आकड्यावर लोक डोळे मिटून पेरत. शाळेत मी अडतीस वर्षं पाढे शिकवले, तरी त्याच्याइतकं चोख मोजणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये चाचांचं शेत उगवलं नाही. दादाने त्यांना ब्याऐंशी सांगितले होते. शेतात निम्मंही वर आलं नाही. आणि त्याच वेळी दुसऱ्या एका घराला दादाने “बियानं मेलेलं हाये” म्हणून सांगितलं होतं, त्यांनी ते जनावरांच्या ढेपेत मिसळून टाकलं होतं. चिंध्यांची अदलाबदल झाली होती हे समजायला फार हुशारी लागत नव्हती.

मी तेव्हा नुकतीच निवृत्त होऊन रिसोडला राहत होते. नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. दर रविवारी सकाळच्या एसटीने गावी जायचं आणि संध्याकाळी परतायचं, असा माझा क्रम होता. त्या रविवारी चाचा ओसरीवर येऊन बसले. मला वाटलं भांडायला आलेत, आणि मी भांडायच्या तयारीतच बसले. तो माझा स्वभाव आहे. पण त्यांनी आवाज खाली घेतला.

“आक्का, बियाचं काही नाही, दुबार पेरून टाकीन. पन त्यानं माह्या लुंगीले वळखलं नाही. पन्नास वर्षांत पह्यल्यांदा. काहीतरी गडबड हाये त्याच्या डोक्यात.”

मी हसले. म्हटलं, चाचा, त्याच्या डोक्यात गडबड आहे हे तुम्हाला आज कळलं का? चाचा हसले नाहीत. ते म्हणाले की ती गडबड वेगळी आणि ही वेगळी, ती मला माहीत आहे, ही माझ्या ओळखीची नाही. पुढे आठवडाभर हे वाक्य माझ्या मागे लागलं होतं. मी शिक्षिका, बहीण, दर रविवारी भेटणारी, आणि जे दुकानदाराला दिसलं ते मला दिसलं नाही. मला स्वतःचा राग आला आणि तो राग मी धाकट्या भावावर काढला.

धाकट्याला गाव ‘सोशिक’ म्हणतं, आणि तो आहेही. पण त्या दिवशी तो म्हणाला, “आक्का, बहात्तरचा होऊन राह्यला तो. वाढलं असन त्याचं. आता कायची तपासनी? हाये तितके दिवस सुखानं खाऊ घालू.”

मी विचारलं, बाबांना अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मोतीबिंदू झाला तेव्हा नागपूरला कोण घेऊन गेलं होतं? ‘वय झालं’ असं तेव्हा नाही म्हणालास. भावजय आतून म्हणाली की बाबांचं वेगळं होतं, बाबा शहाणे होते. ती वाईट मनाने म्हणाली नव्हती. पंचवीस वर्षं तिनेच दादाचं धुणं, जेवण, गोळ्या, सगळं केलेलं. पण तेवढ्यात माझं ठरलं. या घरात दादाच्या नावापुढे ‘वेडा’ लिहिलं गेल्यावर बाकीचं काही लिहायचंच आम्ही बंद केलं होतं. ते पुन्हा सुरू करायचं होतं, आणि ते मी करणार होते.

मला आमच्याच गावातली एक बाई आठवत होती. तीही दादासारखीच, एकटीच बडबडत फिरायची. तिच्या पायाला जखम झाली होती. ती ज्याला-त्याला सांगायची की पायात मुंग्या घर करून राहिल्यात, आणि लोक हसून पुढे जायचे. मीही गेले होते. साठीच्या आतच ती गेली. ‘सुटली बिचारी’ असं सगळे म्हणाले. तिला साखरेचा आजार होता की काय होतं, कोणी पाहिलंच नाही. दादा असा ‘सुटावा’ हे मला नको होतं. मला तो हवा होता, आणि चिंधी ओळखणारा हवा होता. माझा हट्ट एवढाच होता.

वाशीमला मनाच्या आजारांच्या एक डॉक्टर आहेत असं कळलं. वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. आम्ही तिघं भावंडं एसटीने गेलो. डॉक्टरीणबाईंनी आधी दादाशी गप्पा मारल्या, मग ठरलेले प्रश्न विचारले. आज वार कोणता? घड्याळ काढून दाखवा. शंभरातून सात वजा करा, आणि पुढे तसंच वजा करत जा.

“शंभरातले सात मेले का? मंग त्र्यान्नव राह्यले,” दादा म्हणाला.

“आणि त्यातून अजून सात?”

“ते काहून मेले? आता तं मोजले.”

बाई हसल्या, मी नाही. दादाने पुढे तोंडच उघडलं नाही. मंडळींनी सांगितलं, बोलू नको. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या की यावरून नीट सांगता येणार नाही. जुना आजार, कमी झालेलं बोलणं, वय, सगळं एकात एक मिसळलंय. मग त्यांनी आधीच्या गोळ्यांचा कागद मागितला.

धाकट्याने खिशातून तो काढला. आता इथे मला लिहायला लाज वाटते, पण लिहिते. तो कागद लॅमिनेट केलेला होता. आणि तो मी केला होता. अठरा वर्षांपूर्वी अकोल्याच्या डॉक्टरांनी दिलेली ती चिठ्ठी घडीवर फाटत चालली होती. माझ्या शाळेचे पाढ्यांचे तक्ते रिसोडला लॅमिनेट करायला दिले होते, त्यातच तीही घातली. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते! आता पावसात भिजणार नाही, उंदीर कुरतडणार नाही. पुढे ते डॉक्टर गेले. धाकटा दर महिन्याला तोच चकचकीत कागद औषधाच्या दुकानात दाखवायचा आणि त्याच गोळ्या आणायचा. चौपन्न वर्षांच्या माणसाला लिहून दिलेल्या गोळ्या, त्याच, तेवढ्याच, बहात्तराव्या वर्षापर्यंत.

डॉक्टरीणबाईंनी त्यातलं एक औषध खोडायला पेन टेकवलं. पेन प्लॅस्टिकवरून घसरलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा घसरलं.

“हे कोणी केलं?” त्यांनी विचारलं.

“मी,” मी म्हणाले.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. मंडळींना आवरणारी गोळी वेगळी आणि तिच्यामुळे हात थरथरू नयेत म्हणून सोबत दिलेली ही छोटी पांढरी गोळी वेगळी. तरुणपणी ही चालते, पण म्हातारपणी हीच डोक्यात धुकं करते, विसरायला लावते. एकदम बंद करायची नाही, हळूहळू उतरवायची. आणि मग त्यांनी विचारलं, “यांचं रक्त शेवटचं कधी तपासलं होतं?”

आम्ही दोघा भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं. कधीच नाही. गोठ्यातल्या म्हशीला दर वर्षी टोचणी होत होती, डॉक्टर घरी येऊन करून जात. दादाचा दंड मात्र उभ्या आयुष्यात कोणी बांधला नव्हता.

साखर खूप वाढलेली निघाली. रक्तदाबही. रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बाई, एक सांगते. या आजाराची माणसं बाकीच्यांच्या आधी जातात, आणि बहुतेक वेळा या आजाराने जात नाहीत. हृदयाने जातात, साखरेने जातात, छातीत कफ होऊन जातात. कारण ते काही सांगतात ते कोणी खरं धरत नाही. आणि डोकं असं मंदावायला लागलं की समजायचं, शरीर काहीतरी सांगतंय.” मग त्यांनी दादाच्या आत्ताच्या स्मरणशक्तीचं काही तरी माप घरून आणता येईल का, असं विचारलं. कारण इथे तो बोलत नव्हता.

मला घरून माप आणणं येत होतं. अडतीस वर्षं तेच केलं होतं.

पुढच्या रविवारी मी एक दोनशे पानी वही घेऊन गावी गेले. दादासमोर बारदाना अंथरला, हरभऱ्याचे दाणे ठेवले, आणि गावातून मागून आणलेल्या दहा घरांच्या दहा चिंध्या. ओळी किती मांडल्या, प्रत्येकीत दाणे किती, चिंध्या किती ओळखल्या, असे रकाने पाडले. दादाने पहिल्या ओळीत अकरा दाणे मांडले, दुसरीत आठ, तिसरीत नऊ, आणि चौथीला उठून गेला. चिंध्या ओळखल्या तीन. मी वहीत तीन लिहिले आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. आख्ख्या नोकरीत मी कोणाला ग्रेस मार्क दिले नाहीत. मुख्याध्यापकांनी सांगितलं तरी नाही. त्या दिवशी पहिल्यांदा द्यावेसे वाटले. दिले नाहीत.

सहा महिने मी एकही रविवार चुकवला नाही. एसटी नसली तर जीपने गेले, जीप नसली तर कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून. गावात चर्चा झाली की मास्तरीण रिटायर झाली, शाळा सुटली नाही, आता वेड्याची घेते. खुद्द दादालाही शंका आलीच.

“बाई, तू मले शिकवून राह्यली का माही परीक्षा घेऊन राह्यली?”

“परीक्षा,” मी म्हटलं.

“मंग कापी करू देजो जराशी,” तो म्हणाला, आणि दहापैकी पाच ओळखल्या.

पांढरी गोळी अर्धी झाली, मग पाव झाली, मग थांबली. भावजयीने चहातली साखर बंद केली, तेव्हा दादाने दोन दिवस चहाच घेतला नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या चहातलीही बंद केली आणि त्याच्यासमोर बसून प्यायली. मला ते कळलं तेव्हा तिच्याबद्दल मनात जे काही अडकून बसलं होतं ते सुटलं. मधे एक पंधरवडा फार कठीण गेला. मंडळी एकदम जोरात आली. दादा दिवसभर कडुनिंबाशी भांडत होता, धाकटा म्हणाला, पुन्हा सुरू करू ती गोळी, निदान शांत तरी होता. मलाही तसंच वाटत होतं. हे मी त्याला सांगितलं नाही. वही पिशवीत घालून सरळ वाशीम गाठलं, बाईंनी मंडळींच्या गोळीत थोडा फरक केला, आणि आठवड्याने मंडळी पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली.

दिवाळीपर्यंत दादाच्या ओळी दहा-दहाच्या झाल्या. चिंध्या सात, मग आठ. एका रविवारी नऊ. डॉक्टरीणबाईंनी वहीची पानं उलटून पाहिली आणि म्हणाल्या की माझ्या त्या शंभरातून सातपेक्षा हे बरं आहे. मी घरी येईपर्यंत एसटीत हसत होते. शेजारच्या बाईने जागा बदलली.

त्या काळात मी घरात एक नियम केला आणि तो सगळ्यांच्या मानगुटीवर बसून पाळायला लावला. दादा शरीराबद्दल काही म्हणाला, कितीही विचित्र शब्दांत म्हणाला, तरी आधी ते शरीराचं समजायचं, मंडळींचं नंतर. पायात मुंग्या आल्या म्हणाला तर पाय बघायचे. पोटात रेडिओ लागलाय म्हणाला तर पोट दाबून बघायचं. धाकटा कंटाळून म्हणायचा की तू शाळा घरी आणली. मी म्हणायचे, आणली.

मागच्या हिवाळ्यात, घरी हळद शिजवायची धांदल चालू होती. सगळे कढईपाशी. सकाळचे दहा वाजले असतील. दादा ओसरीवर बसला होता आणि भावजय त्याला चहा द्यायला गेली. तो म्हणाला, मंडळी छातीवर बसली, उठत नाही. असं तो आयुष्यात शंभरदा म्हणाला असेल. तिने चहा खाली ठेवला आणि त्याच्या कपाळाला हात लावला. हे मला तिने नंतर सांगितलं, कारण थोरल्या दिराच्या अंगाला तिने इतक्या वर्षांत कधी हात लावला नव्हता. कपाळ घामाने थंड होतं. तिने हळद, कढई, मजूर सगळं तसंच टाकलं आणि चाचांना हाक मारली. चाचांनी दुकानाच्या मालाची गाडी काढली, मागे गादी टाकली, आणि दोघांनी दादाला वाशीमला नेलं. धाकटा शेतातून मागाहून मोटारसायकलने पोचला, मी रिसोडहून एसटीने.

मी पोचले तेव्हा दादाला आत घेतलेलं होतं. चाचांनी बाहेर मला सांगितलं की दवाखान्याच्या दारातच भावजयीने डोक्यावरचा पदर सरळ केला आणि कोणी काही विचारायच्या आत मोठ्याने म्हणाली, “वेडे हायेत, पन छाती दुखून राह्यली ते खरं हाये.” मग मी लावून ठेवलेली दादाच्या कागदांची फाईल तिने डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवली. त्या फाईलमध्ये सगळे कागद साधे होते, एकही प्लॅस्टिकचा नव्हता.

हृदयविकाराचाच झटका होता. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं. मी भावजयीचा हात धरला आणि तिथे बाकावर बसून रडले. ती म्हणाली, “आक्का, रडता कायले, पास झालो नं आपन?” मी आणखी रडले.

दादा वाचला. पण त्यानंतर चिंध्या पुन्हा सुटायला लागल्या. आठच्या सहा, सहाच्या पाच. ओळी मात्र टिकल्या, हाताला त्या अजून ठाऊक होत्या. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. त्या म्हणाल्या की गोळीमुळे गेलेलं होतं ते परत आलं, साखरेमुळे गेलेलं थोडं आलं. आता जे चाललंय ते थांबवता येणार नाही, हळू करता येईल. मी विचारलं, मग वही ठेवू का बंद करू? त्यांनी मलाच उलट विचारलं, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, ठेवते. हळू तर हळू.

यंदा मे महिन्यात मी आणि चाचांनी मिळून गावाला सांगितलं की दादा बियाणं तपासणार आहे. सोबत आम्ही दोघं बसू, आणि प्रत्येक गुंडाळीला चिंधीबरोबर नावाची चिठ्ठीही बांधू. साध्या कागदाची. आमचं धरून बारा घरं आली. आधीच्या तीसच्या मानाने कमी, पण आली. आमच्या घरच्या गुंडाळीला बांधायला मी माझी जुनी निळ्या काठाची शाळेची साडी फाडली. ती साडी नेसून मी वीस वर्षं दर सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली उभी राहिले आहे.

दादाने दाणे मांडले. बाराशे दाणे, दोन दिवसांत, एकही ओळ चुकली नाही. रोज पाणी शिंपडलं. सातव्या दिवशी रविवार होता. कडुनिंबाखाली गुंडाळ्या उघडल्या, त्याने कोंब मोजले, मी मागून मोजले, आकडे जुळले. मग मी चिठ्ठ्या मुठीत लपवल्या आणि एकेक चिंधी त्याच्या हातात दिली. त्याने पाच ओळखल्या, चार चुकल्या, दोन सोडून दिल्या. पाचांतली एक हिरवी लुंगी होती. ती हातात घेऊन तो म्हणाला, “हे त्या दुकानदाराचं हाये. लबाड हाये, मापात मारते.” चाचा माझ्या शेजारीच बसले होते. ते मोठ्याने हसले आणि मग रुमालाने डोळे पुसत राहिले.

शेवटी माझी चिंधी राहिली. मी ती त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने निळ्या काठावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

“हे त्या मास्तरणीचं,” तो म्हणाला. “दर रविवारी येते. तिले कोनी नाही वाटते बिचारीले.” आणि भावजयीकडे वळून म्हणाला, “तिले म्हना, आज जेवून जाय.”

चाचा माझ्याकडे पाहत होते. भावजयीने पदर तोंडाला लावला. मी वही उघडली. नाव विचारलेलं नव्हतं, नातं विचारलेलं नव्हतं. प्रश्न एकच होता, चिंधी कोणाची, आणि चिंधी माझीच होती. मी बाराव्या रकान्यात बरोबरची खूण केली. आयुष्यात कोणाला ग्रेस मार्क दिले नाहीत, आणि हाही दिला नाही.

मग आम्ही हात धुतले. भावजयीने ओसरीवर दोन पानं वाढली, आणि मी दादाच्या शेजारी जेवायला बसले.